व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यू नाही, वायफाय नाही... पण फुल फ्रेम आहे!

पार्कचौक (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:४०

या विभागात सध्या पळणारे धागे बहुतेक एकाच वळणाचे आहेत: डोळा शोधणारा फोकस कुणाचा चांगला, सेकंदाला किती फोटो, व्हिडिओ काढताना बॉडी तापते का. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण कुणीतरी उलट्या बाजूनेही लिहावं म्हणून हा धागा.

माझ्याकडे कॅननचा ५डी आहे. पुढे मार्क टू, मार्क थ्री असलं काही नाही. पहिलाच, २००५ साली आलेला. सेकंडहँड घेतला. १२.८ मेगापिक्सेल, सेकंदाला तीन फोटो, नऊ फोकस पॉइंट आणि तेही मधोमध दाटीवाटीने बसलेले. व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघत फोटो काढणं) नाही, टचस्क्रीन नाही. चालू-बंद करताना सेन्सर झटकून घेण्याची सोयही नाही. बॉडीवर फ्लॅशसुद्धा नाही. मग उरलं काय? फिल्मच्या फ्रेमएवढा म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर (तेच फुल फ्रेम), मोठा स्वच्छ व्ह्यूफाइंडर आणि बोटाखाली दोन चाकं. पुढचं शटरचं (उजेड किती वेळ आत घ्यायचा), मागचं ॲपर्चरचं (लेन्सचं भोक किती उघडायचं; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). मेनू म्हणजे एकच लांब यादी, चाक फिरवत खाली गेलं की संपली. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) लावलं, घड्याळ लावलं, त्यानंतर त्या यादीत जायचं कारण पडत नाही.

आता स्क्रीन. आहे, अडीच इंची, २ लाख ३० हजार ठिपक्यांचा. आपल्या सोलापूरच्या उन्हात त्यावर काय दिसतं? आपलंच तोंड. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की चार पुतळ्यांपाशी उभं राहून, हाताचा आडोसा करून, डोळे बारीक करून बघितलं तरी फोटो नीट आला की जळला ते कळत नाही. सुरुवातीला चिडचिड झाली. मग बघणंच सोडलं. आणि खरं सांगतो, तिथून मजा यायला लागली.

कारण मग सगळं आधी ठरवावं लागतं. कडक ऊन, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००, तर १/१२५ ला एफ/१६, म्हणजेच १/५०० ला एफ/८. पूर्वी हा हिशेब फिल्मच्या खोक्यावरच छापलेला असायचा आणि आपल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना तोंडपाठ असायचा. उजेड मोजायचा मीटर लागायचा तो सावलीत आणि संध्याकाळी. आपण आता एक काढतो, बघतो, जरा कमी करतो, परत काढतो, परत बघतो. प्रत्येक वेळी मान खाली. समोरचं जे चाललंय ते तोवर पुढे गेलेलं असतं.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, हाच घेऊन फिरलो. सम्मती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडताना ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, तांदूळ हवेत किती वेळ असतात ते. मी सम्मतीचं वाचन सुरू असतानाच एक्सपोजर मॅन्युअलवर बसवलं आणि फोकस पाच मीटरवर नेऊन सोडून दिला. ५० ची लेन्स, एफ/८. साधारण साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. मग कॅमेऱ्याला काही कामच उरत नाही. शेजारचा एकजण फोकस बसतोय की नाही म्हणून बीप-बीप ऐकत होता. माझं लक्ष नुसतं हातांकडे.

फुल फ्रेमचा हट्ट कशाला, असं विचाराल. घरात काकांच्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमीची निकॉर (निकॉनची लेन्स) पडून होती. साधा ॲडॅप्टर लावून ती कॅननवर बसते. लहान सेन्सरच्या कॅननवर तीच लेन्स ८० मिमीसारखी वागते. नव्या पेठेत समोरच्या दुकानाचा फोटो काढायला मागे मागे सरकत रिक्षाखाली जायची वेळ. फुल फ्रेमवर ५० ची ५० च राहते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये माणूस बोगद्याच्या टोकाला उभा असल्यासारखा दिसत नाही. फोकस हाताने करायचा तर हे फार महत्त्वाचं.

तुमच्यापैकी कुणी असला कमी सामानाचा कॅमेरा वापरतं का? काय सुटलं, काय मिळालं, लिहा.

शेंगाचटणी · सोमवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतोय. कडक भाकरी घेऊन बसलोय, आता मिररलेसवाले (बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांचे) येतील.

शटरसम्राट · सोमवार, रात्री ११:१५

का बे पार्कचौक, हौसेला ठीक आहे रे. आमचं पोट यावर आहे. गिऱ्हाईक फोटो नंतर मागतंय, आधी विचारतंय रील कधी देताय. हळदीची रील हळद वाळायच्या आत पाहिजे त्यांना. व्हिडिओ नसलेला कॅमेरा मांडवात नेला तर पोरीचा बाप मलाच विचारेल, तुमचा फोटोग्राफर कुठं राहिला म्हणून.

दुसरं, त्यात कार्ड एकच बसतं. मंगळसूत्र बांधताना कार्डानं दगा दिला तर काय, परत बांधा म्हणू? मला दोन कार्डं एका वेळी लिहिणारी बॉडी लागते, तिथं तडजोड नाही.

तिसरं, १२ मेगापिक्सेलवर लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं १२ × ३६ इंचांचं पान कसं काढतो सांग.

पार्कचौक · मंगळवार, सकाळी ७:३०

@शटरसम्राट, पहिल्या दोन मुद्द्यांवर वादच नाही. लग्नाला मी हा नेणार नाही आणि कुणाला न्या म्हणणारही नाही.

तिसऱ्याचा हिशेब मात्र करू. फोटो ४३६८ × २९१२ पिक्सेलचा. १२ × १८ म्हणजे अर्ध्या पानाला इंचाला २४० च्या वर पिक्सेल मिळतात, हातात धरून बघायला भरपूर. एकच फोटो ३६ इंचावर ताणला तर १२० च्या आसपास. तिथं तू म्हणतोस ते बरोबर, जवळून बघणाऱ्याला कळेल. पण तुमच्या अल्बमात एका पानावर एकच फोटो असतो कधी? गुलाबाच्या पाकळ्या, ढग, कोपऱ्यात नवरा-नवरी, वर परत नवरा-नवरी...

शटरसम्राट · मंगळवार, सकाळी ८:०५

पाकळ्यांचं नाव काढू नको. त्या गिऱ्हाईकच मागतंय.

डायलवाला · मंगळवार, दुपारी १:२०

मूळचा बाळीवेशीतला, सध्या पुण्यात. साधेपणाचा विषय निघालाय तर निकॉन डीएफचं नाव यायलाच हवं. २०१३ सालचा. सेन्सर निकॉनच्याच डी४ मधला, १६.२ मेगापिक्सेल, आणि व्हिडिओ मुद्दाम वगळलेला. वरती शटरची चकती, आयएसओची चकती, एक्सपोजर कमी-जास्त करायची चकती. कॅमेरा बंद असताना वरून नजर टाकली तरी काय लावलंय ते दिसतं. शिवाय माउंटजवळची छोटी खुंटी वर उचलता येते, त्यामुळे १९७७ च्या आधीच्या लेन्सही लागतात. तुमच्या काकांची निकॉर यावर ॲडॅप्टरशिवाय बसेल.

अंधारात तर विचारूच नका. सिद्धेश्वर मंदिरात संध्याकाळच्या दिव्यात आयएसओ ६४०० वर काढलेले फोटो मी बिनधास्त प्रिंट करतो. ५डी १६०० वर थांबतो, फार तर ताणून ३२००.

जुनीमिल · मंगळवार, रात्री १०:०२

डायलवाले, अंधाराचं मान्य. पण डीएफ साधा आहे हे मान्य नाही. तो जुन्यासारखा दिसतो. आयएसओच्या चकतीला कुलूप, एक्सपोजरच्या चकतीला कुलूप, आणि शटरची चकती पूर्ण स्टॉपने (उजेड दुप्पट किंवा निम्मा) फिरते म्हणून मधला आकडा हवा असेल तर ती '१/३ स्टेप'वर ठेवून परत मागचं चाक वापरायचं. म्हणजे एका कामाला दोन जागा. मेनू तर निकॉनचा नेहमीचाच, पानंच्या पानं. मी मित्राचा वापरलाय, फोटो देखणे येतात, पण हातात असताना मी कॅमेऱ्याचाच विचार करत होतो.

थोडा इतिहास, कारण इथे नवीन मंडळीही वाचतात. डिजिटलमध्ये फुल फ्रेम २००२ मध्येच आली, कॉन्टॅक्सचा एन डिजिटल आणि कॅननचा १डीएस. पण त्या किमती वर्तमानपत्रांना आणि एजन्सींना परवडणाऱ्या. २००५ च्या ५डीने ती हौशी माणसाच्या जरा जवळ आणली. आणि तीनच वर्षांनी, २००८ मध्ये, मार्क टूमध्ये १०८० चा (फुल एचडी) व्हिडिओ आला. तिथून रस्ताच बदलला. पुढे प्रत्येक फोटो कॅमेरा हा व्हिडिओ कॅमेराही व्हायला लागला. म्हणून मला पहिला ५डी गमतीचा वाटतो. त्यात काही काढून टाकलेलं नाही. जे आलंच नव्हतं ते त्यात नाही, इतकंच.

मुद्दाम काढून टाकणारेही आहेत. लायकाने २०१६ मध्ये एम-डी काढला, मागे स्क्रीनच नाही! स्क्रीनच्या जागी आयएसओची चकती. २०१८ मध्ये एम१०-डी, २०२४ मध्ये ६० मेगापिक्सेलचा एम११-डी, तोही बिनस्क्रीनचा. पार्कचौक जे उन्हामुळे करतात ते करायला लायकावाले वर पैसे मोजतात. त्या किमतीत आपल्याकडे माणूस जागा बघायला लागतो.

सिग्माचा २०२५ चा बीएफ त्या मानाने वेगळ्या डोक्याचा. ॲल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून कोरलेली बॉडी, मोजकी बटणं, कार्डाला खाचच नाही, २३० जीबी आतच. दिसायला सुंदर. पण मेकॅनिकल शटर नाही. ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे येण्याची भीती आहेच.

शेंगाचटणी · मंगळवार, रात्री १०:१०

सगळ्यात साधा कॅमेरा खिशात आहे की. एकच बटण.

जुनीमिल · मंगळवार, रात्री १०:१८

त्या एका बटणामागे फोन पाच-दहा फ्रेम जोडतो, सावल्या उघडतो, आकाश गडद करतो, आजीच्या सुरकुत्या पुसतो. निर्णय कमी झालेले नाहीत. ते तुमच्या हातातून गेलेत. पार्कचौक उलटं सांगतायत: निर्णय चारच, पण चारही आपले.

ताणाबाणा · बुधवार, दुपारी ३:४५

पूर्व भागातून. आमच्या घरात यंत्रमाग आहेत, टॉवेल आणि थोड्या चादरी. ट्यूबलाइटचा विषय निघाला म्हणून विचारतो. मागे एक पाहुणा मिररलेस घेऊन आला होता. त्याने आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावला. मागांच्या खडखडाटात सायलेंट शटर! सगळ्या फोटोंवर झेब्र्यासारखे पट्टे. हे का होतं आणि ५डीवर होतं का?

आणि आमच्याकडे कापसाची तूस उडते, काळे केस संध्याकाळपर्यंत पांढरे होतात. सेन्सर झटकायची सोय नाही म्हणता, मग काय करता?

पार्कचौक · बुधवार, रात्री ९:२०

@ताणाबाणा, तुमच्या दोन्ही प्रश्नांना जरा सविस्तर उत्तर देतो, कारण मी एका मित्राच्या कारखान्यात बरेचदा जातो.

पट्ट्यांचं कारण: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लखलखते. सायलेंट शटर सेन्सर वरून खाली ओळ-ओळ वाचतो. काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही मधल्या अंधारात. ५डीला खरा पडदा आहे, तो फार पटकन सरकतो, म्हणून तसे दाट पट्टे येत नाहीत. पण १/५०० वगैरे लावलं तर एक फोटो उजळ, पुढचा पिवळट काळा, हे होतंच. म्हणून मी आत गेलो की १/१०० वर ठेवतो, ट्यूबची एक पूर्ण लखलख आत येते. एफ/२.८, आयएसओ १६००. माणूस स्थिर येतो, धोटा (आडवा धागा नेणारा) मात्र रेघ होऊन येतो. मला तीच रेघ आवडते. १/२००० ला धोटा गोठवलेला फोटो मी पाहिलाय. त्यात माग बंद पडल्यासारखा दिसतो.

तूस. हे खरं दुखणं आहे. नियम एकच, आत लेन्स बदलायची नाही. बाहेर रस्त्यावरच जी लावायची ती लावून आत जायचं, म्हणजे आपोआप एकाच लेन्सवर काम. तरी घाण जातेच. एफ/२.८ ला काही दिसत नाही, पण नंतर मोकळ्यावर एफ/१६ ला निळ्या आकाशाचा एक फोटो काढला की सगळा पसारा दिसतो: ठिपके, आणि एक-दोन वेटोळी, ती हमखास तूसच. मग मेनूतून सेन्सर क्लीनिंग लावायचं, आरसा वर जातो, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरायचं आणि रबरी फुग्याने हवा मारायची. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी बसते. बॅटरी भरलेली हवी, मध्येच संपली तर आरसा खाली येतो. एवढ्याने गेलं नाही तर ओला स्वॅब, पण ते शांतपणे घरी बसून.

आता तिथली एक गंमत. कारखान्यात फोटो काढला की कामगार लगेच म्हणतात, दाखवा. या स्क्रीनवर दाखवायचं म्हणजे दोघांनाही लाज. म्हणून प्रिंट काढून नेतो. मागावर चढलेल्या चादरीचा एक फोटो निकॉरने साधारण पाऊण मीटरवरून काढला होता, तो १२ × १८ करून दिला, म्हणजे कागदावर चादर जवळपास खऱ्या मापाची. तिथले एक वयस्कर कारागीर तेलुगूत शेजाऱ्याला काहीतरी बोलले आणि खिशातून धागे मोजायचं घडीचं भिंग काढून त्या कागदावर ठेवलं. तोंडाने पुटपुटत मोजत गेले. इंचाला किती ताणा आहे ते फोटोवरून बरोबर जुळलं. वर मला म्हणाले, डावीकडे एक धागा तुटलाय, तुम्हाला दिसला नाही का? नव्हता दिसला. त्यांना मेगापिक्सेल किती ते कुणी सांगितलं नव्हतं.

ताणाबाणा · बुधवार, रात्री ९:४१

भिंग खिशात असणारच. आमचे वडील लग्नात गेले तरी समोरच्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघतात.

माळरान · गुरुवार, सकाळी ६:५०

नान्नजच्या बाजूला पक्ष्यांसाठी फिरणारा माणूस आहे, त्यामुळे माझं मत इथे उपरं वाटेल. भोवत्या हारीण (शिकारी पक्षी) ज्वारीच्या रानावर सूर मारते तेव्हा तीन फोटो प्रतिसेकंद आणि मधोमधचे नऊ पॉइंट घेऊन उभं राहणं म्हणजे उपास. डोळा पकडणारा फोकस आल्यापासून माझे निम्मे फोटो वाचलेत, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

पण एक कबूल. परवा मोठी लेन्स दुरुस्तीला गेली होती म्हणून नुसती ५० घेऊन माळावर गेलो. काळवीट मोहरीएवढे दिसत होते. मग माळच काढला. इतकी वर्षं तिथे जातोय आणि माझ्याकडे त्या माळाचा एक धड फोटो नव्हता, सगळीकडे नुसती पक्ष्याच्या मागची धुरकट हिरवळ.

नवशिका_०७ · गुरुवार, दुपारी ४:१५

मी कॉलेजला आहे, बजेट कमी. पहिला कॅमेरा म्हणून ५डी घ्यावा का? नव्या फुल फ्रेम मिररलेसच्या पैशात असे चार-पाच येतील असं दिसतंय. घेताना काय बघायचं?

जुनीमिल · गुरुवार, रात्री ८:३०

बाळा, पहिला प्रश्न स्वतःला विचार, व्हिडिओ लागणार का? कॉलेजात लागतोच. लागणार असेल तर हा घेऊ नकोस, फोनवर व्हिडिओ आणि यावर फोटो असं चालणार असेल तर घे.

बघायचं काय ते सांगतो. लेन्स काढून आरसा नीट बघ. या मॉडेलचा आरसा गोंद सुटून निखळल्याच्या तक्रारी जगभर आल्या होत्या, कॅननने ते मान्य करून त्या काळी दुरुस्ती फुकट करून दिली होती. विकणाऱ्याला विचार, ते काम झालंय का. मग कार्डाच्या खाचेत टॉर्च मार. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) जातीचं जुनं कार्ड आहे, आत बारीक पिनांच्या दोन रांगा असतात. एक पिन वाकलेली असली तरी खेळ खलास. घाईत कार्ड तिरकं घालणाऱ्यांनी कितीतरी चांगल्या बॉड्या मारल्यात. शटर साधारण १ लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं, पण आतला आकडा सहज बघता येत नाही, त्यामुळे "फक्त दहा हजार क्लिक, डॉक्टरांनी वापरलेला" या वाक्यावर विश्वास ठेवू नकोस. लग्नाचा असेल तर पकडीचं रबर सैल आणि चिकट झालेलं असतं, बोटाला लगेच कळतं.

बॅटरी बीपी-५११ए. त्याच जातीची बॅटरी कॅननच्या त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत होती, म्हणून अजून मिळते. कार्ड रीडर मात्र वेगळा घ्यावा लागेल.

संपादक · गुरुवार, रात्री ९:००

विक्रीच्या जाहिरातींचे तीन प्रतिसाद खरेदी-विक्री विभागात हलवले आहेत. इथे चर्चाच चालू द्या.

डायलवाला · गुरुवार, रात्री ११:३०

पार्कचौक, एक शंका. गड्ड्यात तुम्ही एक्सपोजर मॅन्युअलवर बसवून सोडून दिलं म्हणता. पण बाराबंदी (यात्रेतला पारंपरिक पोशाख) पांढरीफेक, चेहरे सावळे, वर जानेवारीचं तिरकं ऊन. मला तर तिथे एक्सपोजर मायनस करावंच लागतं, नाहीतर पांढरं जळतं.

जुनीमिल · शुक्रवार, सकाळी ७:४५

मायनस की प्लस, ते फ्रेममध्ये पांढरं किती आहे त्यावर. मीटरला बाराबंदी कळत नाही, त्याला सगळं मध्यम राखाडी करायचं असतं. फ्रेमभर पांढरे सदरे असतील तर तो सगळं दाबतो. तिथे प्लस एक केल्याशिवाय चेहरे कोळशासारखे येतात. तेच संध्याकाळी, मागे अंधार आणि मध्ये चारच माणसं पांढऱ्यात, तर मीटर अंधार बघून उघडतो आणि बाराबंदीच्या सुरकुत्या पार उडतात, तिथे मायनस. नंदीध्वज मिरवणुकीत तर पावलागणिक हे बदलतं, आत्ता गर्दी पांढरी, पुढच्या वळणावर झाडाची सावली आणि रंगीत लुगडी. ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा.

पार्कचौक · शुक्रवार, दुपारी २:१०

जुनीमिल यांनी माझंच उत्तर दिलं. ऊन बदलत नाही, बदलते ती फ्रेम. उन्हाचं माप घेतलं की गर्दी पांढरी असो की रंगीत, तेच माप चालतं. मी १/५०० ला एफ/८ ऐवजी अर्धा स्टॉप कमी ठेवला होता, कपड्याची वीण राहावी म्हणून. चेहऱ्यांच्या सावल्या घरी रॉमध्ये थोड्या उचलल्या. या जुन्या सेन्सरमध्ये सावल्या फार उचलल्या की पट्टे दिसायला लागतात, त्याला एक मर्यादा आहे, नव्या कॅमेऱ्यांत ती खूप पुढे गेलीय. डीएफमध्येसुद्धा. तेवढं मान्य.

शटरसम्राट · शनिवार, रात्री १२:४०

आत्ता मांडवातून घरी आलो, झोप येईना म्हणून लिहितो. मागे उडवून लावलं होतं, तरी डोक्यात राहिलं.

हाताखाली एक नवं पोरगं आहे. हुशार आहे, पण प्रत्येक क्लिकनंतर स्क्रीन बघतंय. नवरीच्या आईच्या डोळ्यात पाणी आलं ते मी पलीकडनं काढलं. पोरगं तिच्या समोर दोन हातांवर होतं, पण आधीचा फोटो झूम करून बघत होतं. आज मी त्याच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी मारली. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) नाही, काही नाही. म्हटलं, एक्सपोजर मी बघून देतो, तू फक्त माणसं बघ. पहिला तासभर रडकुंडीला आलं होतं. नंतर बरं काढलं की. जेवणाच्या पंगतीचे तर माझ्यापेक्षा चांगले काढले.

व्हिडिओवाल्या बॉडीवरच काढले हे लक्षात ठेव. रील सकाळी द्यायचीय.

शेंगाचटणी · शनिवार, सकाळी ९:१५

म्हणजे लायकाचा एम-डी सोलापुरात वीस रुपयांच्या टेपमध्ये.

नवशिका_०७ · शनिवार, सकाळी ११:००

घेतला! आरसा बघितला, पिना बघितल्या. रबर थोडं सैल आहे, त्यावर घासाघीस केली. आता लेन्स एकच परवडेल. जुनी हाताने फोकस करायची घेऊ की कॅननची ५० एफ/१.८?

पार्कचौक · शनिवार, दुपारी १२:३०

अभिनंदन! कॅननची ५० एफ/१.८ घे, ऑटोफोकस असू दे. हाताने फोकस करण्यात मजा आहे, पण त्यासाठी फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरच्या आतली काच) बदलून ईई-एस जातीचा घालावा लागतो आणि मेनूत तसं सांगावं लागतं, नाहीतर मीटर चुकतो. कॅमेऱ्यासोबत जो फोकसिंग स्क्रीन येतो त्यावर एफ/१.८ ची धूसरता खरी दिसत नाही, फोकस बसला असं वाटतं आणि घरी येऊन बघावं तर नाकाऐवजी कान. आधी सहा महिने एका लेन्सवर काढ, मग बघू.

ताणाबाणा · शनिवार, दुपारी १:०५

नवशिका, पार्कचौक, दोघे आमच्याकडे या. लेन्स रस्त्यावरच लावून या. आणि पार्कचौक, प्रिंट आणणार असाल तर दोन जास्त आणा. एकाचा काढला आणि दुसऱ्याचा नाही असं झालं की आमच्याकडे आठवडाभर माग धड चालत नाहीत.